लोक पंथांच्या नादीं कां लागतात, आणि थट्टेचा धर्म हा धर्म होय काय?

वाचावयाचे उतारे: यशया ४४:१२-२०, प्रेषितांचीं कृत्यें ५:३३-३९ व १७:१०-१२, १ योहान ४:१.

एखाद्या गांवीं नवा गुरु येतो, त्याच्याभोंवतीं पांचपन्नास माणसें जमतात, आणि वर्षाच्या आंत तीं घरदार व शेतीवाडी त्याच्या पायांवर वाहतात. मग शेजारीपाजारी एकच निकाल देतात कीं, "माणसें अडाणी होतीं, म्हणून फसलीं." हा निकाल देणें फार सोपें आहे, कारण तो देणारा स्वतःस शहाण्यांत गणतो, आणि पुढें विचार करण्याचें त्यास प्रयोजन उरत नाहीं. प्रिय वाचकहो, ह्या निकालाची चव आपणांस चांगली ठाऊक आहे. आपण किंवा आपल्या आजापणजांनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां आपल्याविषयींहि गांवकरी हेंच बोलले: भुलले, नादीं लागले, पोटासाठीं बाटले. म्हणून तोच शब्द दुसऱ्यास लावण्यापूर्वीं आपण क्षणभर थांबावें हें उचित होय.

आजच्या पाठांत दोन प्रश्न घेतले आहेत. ज्या बंदिस्त पंथांस इंग्रजींत 'कल्ट' म्हणतात, त्यांत माणसें कां शिरतात, हा पहिला. आणि निव्वळ थट्टेसाठीं काढलेल्या धर्मास धर्म म्हणावें काय, हा दुसरा. उदाहरणें परदेशांतील आहेत. कारण त्यांची चौकशी झालेली असून तीं जगजाहीर आहेत. परंतु त्यांपासून घ्यावयाचा बोध आपल्या घरचाच आहे.

१. जोन्सटाउनची हकीकत

जिम जोन्स नांवाच्या मनुष्याचा जन्म १९३१ सालीं अमेरिकेंतील इंडियाना संस्थानांत झाला. १९५५ च्या सुमारास त्यानें इंडियानापोलिस शहरांत एक मंडळी स्थापिली. तिला पुढें 'पीपल्स टेम्पल', म्हणजे लोकांचें मंदिर, हें नांव पडलें. त्या काळीं त्या देशांत गोरे व काळे लोक बहुधा निरनिराळ्या मंदिरांत उपासना करीत. जोन्सच्या मंडळींत ते एकाच बांकावर बसत. भुकेल्यांस तेथें फुकट जेवण मिळे आणि म्हाताऱ्यांस निवारा मिळे. जोन्स व त्याची पत्नी ह्यांनीं निरनिराळ्या वंशांचीं मुलें दत्तक घेतलीं. १९६० सालीं ही मंडळी 'डिसायपल्स ऑफ क्राइस्ट' ह्या प्रतिष्ठित प्रॉटेस्टंट संघास जोडली गेली, आणि १९६४ सालीं त्याच संघांत जोन्स यास पाळकाची दीक्षा मिळाली.

ही गोष्ट नीट ध्यानांत ठेवावी. हा मनुष्य रानांतून अवचित आलेला कोणी जटाधारी नव्हता. तो एका सुस्थापित संघाचा दीक्षित पाळक होता, आणि त्याच्या कार्याचा आरंभ ज्या गोष्टींनीं झाला त्या आपणहि चांगल्याच म्हणूं.

पुढें मंडळी कॅलिफोर्नियांत गेली आणि हळूहळू सर्व पालटलें. रोग बरे करण्याचे खोटे चमत्कार होऊं लागले. कोंबडीच्या मांसाचा तुकडा दाखवून हा रोग्याच्या पोटांतून निघालेला कर्करोग आहे असें सांगण्यांत येई. सभासदांनीं घरें, पगार व म्हातारपणाचें सरकारी वेतन संस्थेच्या हवालीं केलें. ते जोन्स यास 'बाप' म्हणूं लागले, आणि तो व्यासपीठावरूनच पवित्र शास्त्राची निंदा करूं लागला. चुकणाऱ्यास सर्वांसमक्ष मार देण्यांत येई. १९७७ सालीं एका अमेरिकन मासिकानें ह्या गोष्टी छापल्या, तेव्हां दक्षिण अमेरिकेंतील गयाना देशाच्या रानांत संस्थेनें आधींच पट्ट्यानें घेतलेल्या जमिनीवर शेंकडों लोकांस नेण्यांत आलें. त्या वसाहतीचें नांव जोन्सटाउन. तेथें पासपोर्ट काढून घेतलेले असत, चोहोंकडे रान होतें, आणि अपरात्रीं हांक देऊन सर्वांस जमवून एकत्र मरण्याची तालीम घेतली जाई.

नातलगांच्या तक्रारींवरून लिओ रायन हे अमेरिकन प्रतिनिधिसभेचे सभासद नोव्हेंबर १९७८ मध्यें तेथें चौकशीस गेले. ता. १८ रोजीं कांहीं रहिवासी त्यांच्याबरोबर परत निघाले. विमानाच्या धावपट्टीवर जोन्सच्या माणसांनीं गोळ्या झाडून रायन व इतर चौघांस ठार केलें. त्याच सायंकाळीं वसाहतींत सरबतांत सायनाइड कालवून वांटण्यांत आलें. आधीं मुलांस पाजलें. त्या दिवशीं गयानांत एकूण ९१८ माणसें मेलीं. त्यांत ३०० हून अधिक मुलें होतीं, आणि मृतांपैकीं बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. हे सर्व जण आपखुषीनें मेले असें म्हणतां येत नाहीं. मुलांस निवड नव्हती, आणि भोंवतीं बंदूकवाले पहारेकरी उभे होते.

त्या शेवटच्या सभेची ध्वनिफीत उपलब्ध आहे. तींत साठ वर्षांची एक कृष्णवर्णीय स्त्री विरोध करितांना ऐकूं येते. मुलांस जगण्याचा हक्क आहे, असें तिचें म्हणणें. जोन्सनें तिच्याशीं वाद घातला खरा. परंतु तिचा आवाज बुडविला तो तिच्या भोंवतालच्या सभासदांनीं. ज्या मंडळींत एके काळीं तिच्यासारख्यांस प्रथमच मानानें बांकावर जागा मिळाली होती, त्याच मंडळीनें तिला बोलूं दिलें नाहीं.

२. माणसें शिकवणीनें नव्हे, स्वागतानें येतात

ह्या हकीकतींत आपल्या पहिल्या प्रश्नाचें बरेंचसें उत्तर आहे. विष पिण्यासाठीं कोणीहि पीपल्स टेम्पलमध्यें शिरला नाहीं. कोणी भुकेला होता, कोणी एकटा पडला होता, कोणी कातडीच्या रंगामुळें जन्मभर दाराबाहेर राहिला होता. त्यास एका दारांतून हांक आली, म्हणून तो गेला.

विद्वानांनीं केलेला अभ्यासहि हेंच सांगतो. जॉन लॉफलंड व रॉडनी स्टार्क ह्या दोघां अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनीं कोरियांतील सन म्युंग मून याच्या पंथाच्या अमेरिकेंतील पहिल्या लहानशा गटाचें निरीक्षण करून १९६५ सालीं निबंध प्रसिद्ध केला. त्यांस असें आढळलें कीं, येणारा मनुष्य बहुधा आयुष्याच्या एखाद्या वळणावर उभा असतो. जुनी नोकरी, जुनें गांव किंवा जुनें नातें सुटलेलें असतें. अशा वेळीं पंथांतील कोणाशीं तरी त्याचा स्नेह जुळतो, आणि बाहेर त्यास थोपवून धरणारें जवळचें कोणी नसतें. स्नेह आधीं जुळतो. शिकवण मागाहून पटते.

अशा लोकांवर कांहीं मंत्र घातला जातो, त्यांची बुद्धि धुऊन काढली जाते, असें पुष्कळांस वाटतें. इंग्लंडमधील समाजशास्त्रज्ञ आयलीन बार्कर ह्यांनीं मून याच्याच पंथाच्या शिबिरांचा अभ्यास करून १९८४ सालीं ग्रंथ लिहिला. १९७९ सालीं लंडनच्या बाजूस ज्या हजाराहून अधिक लोकांनीं तीं शिबिरें पाहिलीं, त्यांपैकीं सुमारें नव्वद टक्के लोक पंथांत शिरलेच नाहींत. आणि जे शिरले त्यांतील बहुतेक दोन वर्षांच्या आंत बाहेर पडले. मंत्र असता, तर तो दहांपैकीं एकासच कसा लागला असता? म्हणून पंथांत जाणाऱ्यास वेडा समजूं नये. तो बहुधा तुमच्याआमच्यासारखाच असतो. मात्र ज्या वेळीं त्यास कोणाची तरी गरज होती, त्या वेळीं त्याच्यापर्यंत दुसरें कोणी पोंचलें.

३. दार आंतून कसें लागतें

स्वागतानें येणें ही मुळींच वाईट गोष्ट नव्हे. आपलीहि मंडळी स्वागतानेंच वाढते. दोष येतो तो नंतर, जेव्हां दिलेल्या विश्वासाचा उपयोग माणसास बांधून टाकण्याकडे केला जातो.

हें एका दिवसांत होत नाहीं. विहिरींत उतरणारा एकेक पायरी उतरतो. कोणतीच पायरी फार खोल वाटत नाहीं. आज सभेस रोज यावयाचें, उद्यां वर्गणी दुप्पट, परवां नातलगांकडे जाणें बंद, मग घराचा कागद. प्रत्येक पायरीवर मनुष्य म्हणतो, "एवढें केलें, तेव्हां हें कां नको?" आणि जितकें अधिक दिलें तितकें चूक कबूल करणें जड होतें. ज्या माळरानावर दहा वर्षें घाम गाळला, तें नापीक आहे हें शेतकऱ्याच्या तोंडून सहजासहजीं निघत नाहीं. तो आणखी एक पेरणी करून पाहतो.

येथेंच शेजाऱ्यांच्या थट्टेचा परिणाम ध्यानांत घ्यावा. विहिरींत उतरलेल्या माणसाच्या हातीं वर येण्यासाठीं एकच दोर असतो, तो म्हणजे बाहेरच्या कोणाचें तरी प्रेम. आपण त्याची चेष्टा केली, त्यास वाळींत टाकलें, म्हणजे तो दोर आपणच कापतों, आणि त्याचा गुरु त्यास जें सांगत असतो तें खरें करून दाखवितों कीं, "बाहेर तुझें कोणी नाहीं."

४. थट्टेचे धर्म

आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं. अमेरिकेंतील कॅन्सस संस्थानांत २००५ सालीं एक वाद माजला होता. सृष्टि कोणा बुद्धिमान कर्त्यानें रचिली, हें मत उत्क्रांतिवादाबरोबर शाळांत शिकवावें, अशी कित्येकांची मागणी होती. तेव्हां बॉबी हेंडरसन नांवाच्या पदार्थविज्ञानाच्या तरुण पदवीधरानें तेथील शिक्षणमंडळास एक पत्र लिहिलें. त्याचा भावार्थ असा कीं, सृष्टि एका उडत्या शेवयांच्या राक्षसानें निर्माण केली असें मी मानितों. तुमचें मत शाळेंत शिकवावयाचें असेल तर माझेंहि शिकवा. शेवया म्हणजे इटलींतील स्पॅगेटी. पत्राचा हेतु थट्टेचा होता. परंतु तें जगभर पसरलें, आणि त्यांतून 'पास्ताफेरियन' म्हणविणाऱ्यांची एक मंडळीच निघाली. शेवया निथळण्याची चाळणी डोक्यावर घालणें हें त्यांचें धर्मचिन्ह. कॅन्ससच्या शिक्षणमंडळानें नोव्हेंबर २००५ मध्यें उत्क्रांतिवादावर शंका घेणारे नियम मंजूर केले, आणि २००७ सालीं नव्या मंडळानें ते काढून टाकिले.

असाच दुसरा प्रकार इंग्लंडांत घडला. २००१ सालच्या खानेसुमारींत इंग्लंड व वेल्समधील ३,९०,००० हून अधिक लोकांनीं धर्माच्या रकान्यांत 'जेडाय' असें लिहिलें. जेडाय हे 'स्टार वॉर्स' ह्या चित्रपटांतील योद्धे. ह्यांतील बहुतेकांनीं तें गंमत म्हणून लिहिलें. परंतु कांहीं थोड्यांनीं मात्र पुढें खरोखरच तशा संस्था काढल्या.

५. न्यायालयांनीं काय ठरविलें

हे प्रश्न पुढें सरकारदरबारीं गेले, आणि निरनिराळ्या देशांत निरनिराळीं उत्तरें मिळालीं. न्यूझीलंडनें शेवयांच्या मंडळीस विवाह लावण्याची परवानगी दिली, आणि २०१६ सालीं तिचा पहिला विवाह लागला. त्याच वर्षीं अमेरिकेंतील नेब्रास्का संस्थानांत एका कैद्यानें तुरुंगांत ह्या धर्माच्या सवलती मागितल्या. तेथील संघीय न्यायाधीशांनीं हें विडंबन आहे, कायद्याच्या अर्थानें धर्म नव्हे, असा निकाल दिला. नेदरलंड्समध्यें एका विद्यार्थिनीनें डोक्यावर चाळणी घातलेलें छायाचित्र ओळखपत्रासाठीं दिलें होतें. २०१८ सालीं तेथील राज्यपरिषदेनें ह्या श्रद्धेंत गांभीर्य व सुसंगति नाहीं, असें ठरविलें, आणि २०२१ सालीं युरोपियन मानवी हक्क न्यायालयानेंहि त्या विद्यार्थिनीची तक्रार दाखल करून घेतली नाहीं. जेडायांच्या एका संस्थेस इंग्लंडच्या धर्मादाय आयोगानें २०१६ सालीं धार्मिक संस्था म्हणून मान्यता नाकारली.

ह्या निकालांत एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. शेवयांचा राक्षस खरा कीं खोटा, हा प्रश्न न्यायाधीशांनीं सोडविला नाहीं. हा मनुष्य हें गंभीरपणें मानितो काय, ह्या श्रद्धेनें त्याच्या आयुष्यास कांहीं वळण लागतें काय, एवढेंच त्यांनीं पाहिलें. हें योग्यच झालें. कोणाचा देव खरा हें सरकार ठरवूं लागलें, तर ज्याची संख्या थोडी त्यासच पहिला दंड बसेल. गमलियेलानें न्यायसभेस दिलेला सल्ला ह्याच धोरणाचा होता, आणि तो मानला गेला म्हणून त्या दिवशीं प्रेषितांचे प्राण वांचले. प्रेषित पौल ह्यासहि सुभेदारापुढें एका पाखंडी पंथाचा पुढारी म्हणूनच उभें केलें होतें, हें प्रेषितांच्या कृत्यांच्या चोविसाव्या अध्यायांत आढळेल. पंथ हें नांव कोणी लावलें एवढ्यावरून कांहीं ठरत नाहीं.

६. खरा म्हणजे चांगला नव्हे

तर मग थट्टेचा धर्म हा धर्म होय काय? आमच्या मतें बहुतांशीं नाहीं. आणि त्याचें कारण शेवया हास्यास्पद आहेत हें नव्हे. परक्यास प्रत्येकाचाच धर्म कोठें ना कोठें हास्यास्पद वाटतो. खरें कारण असें कीं, त्यावर कोणी आपला भार टाकीत नाहीं. मूल आजारी पडलें असतां, पीक बुडालें असतां, मरणाच्या दारीं असतां कोणी त्या राक्षसास हांक मारीत नाहीं. ज्यावर भार टाकिला जातो तो धर्म. ज्याकडे पाहून हंसलें जातें ती थट्टा. थट्टेनें आरंभ झालेल्या गोष्टीवर उद्यां कोणी खरोखर भार टाकूं लागला, तर त्या मनुष्यापुरता प्रश्न बदलेल.

परंतु येथें थांबूं नये. कारण मुख्य गोष्ट पुढेंच आहे. ह्याच मापानें पाहिलें तर जोन्सटाउनच्या लोकांची श्रद्धा खरी ठरते. त्यांनीं घर दिलें, पैसा दिला, मुलें दिलीं. ह्याहून अधिक भार कोणी काय टाकावा? शेवयांची मंडळी खोटी, पण तिच्यानें कोणाचा प्राण गेला नाहीं. पीपल्स टेम्पलमधील श्रद्धा खरी, आणि ९१८ प्रेतें पडलीं. म्हणून श्रद्धा खरी आहे काय, हा एक प्रश्न. आणि जीवर ती टाकिली ती वस्तु तो भार वाहण्यास योग्य आहे काय, हा दुसरा. पहिला प्रश्न न्यायाधीश सोडवितात. दुसरा प्रत्येक मंडळीनें स्वतःस विचारावयाचा आहे. "आमचे लोक मनापासून मानितात" एवढ्यावर जो उपदेशक संतुष्ट राहतो, त्यानें परीक्षेचा अर्धा भागच दिला आहे. मनापासून मानणाऱ्या माणसासच फसविणें सर्वांत सोपें असतें.

७. थट्टेस उत्तर कसें द्यावें

आपल्या तरुणांपैकीं शहरांत शिकावयास गेलेला एखादा मुलगा सुटींत परत येतो आणि शेवयांची ही गोष्ट सांगून विचारतो, "आपला धर्म ह्याहून वेगळा कशावरून?" अशा वेळीं रागावणें हें दुर्बळपणाचें लक्षण होय. यशया संदेष्ट्यानें मूर्ति घडविणाऱ्या सुताराचें जें वर्णन केलें आहे, कीं एकाच लांकडाच्या अर्ध्या भागावर तो भाकर भाजतो आणि उरलेल्यापुढें नमन करितो, तें उपहासच नव्हे काय? एलीयानेंहि कर्मेल डोंगरावर बआलाच्या पुजाऱ्यांची थट्टा केली. जें शास्त्र उपहासाचें हत्यार स्वतः हातीं धरितें, त्याच्या वाचकांनीं तेंच हत्यार आपणांवर आलें असतां ओरडूं नये.

शिवाय ती थट्टा आपणांस नवी नाहीं. रोम शहरांतील पॅलेटाइन टेकडीवर १८५७ सालीं एका जुन्या भिंतीवर कोरलेलें चित्र सांपडलें. त्यांत गाढवाचें डोकें असलेला मनुष्य क्रुसावर दाखविला असून, अलेक्सामेनोस नांवाचा कोणी आपल्या देवास भजत आहे असें खालीं ग्रीक भाषेंत खरडलें आहे. कोणा सोबत्यानें एका ख्रिस्ती मनुष्याची केलेली ही थट्टा. अलेक्सामेनोसानें काय उत्तर दिलें तें लिहिलेलें नाहीं. पण जें खरें त्याचें थट्टेनें कांहीं जात नाहीं, आणि जें पोकळ तें थट्टेच्या एका फुंकरीनेंहि उघडें पडतें. म्हणून त्या मुलास म्हणावें, "बाळा, तुझा प्रश्न चांगला आहे. बैस, आपण मिळून पाहूं." बिरुयाचे लोक पौलाचीहि शिकवण शास्त्राशीं ताडून पाहत, आणि त्याबद्दल त्यांची स्तुतिच केलेली आहे.

८. मंडळीची परीक्षा

सारांश, कोणत्याहि मंडळीस, ती नवी असो वा जुनी, परकी असो वा आपली, चार प्रश्न विचारावे. येथें प्रश्न विचारणाऱ्यास मान मिळतो काय, कीं त्यास गप्प बसवितात? पैशाचा हिशेब सर्वांसमोर वाचला जातो काय? येथून निघून जाणारा मनुष्य दुसऱ्या दिवशीं बाजारांत भेटला, तर त्यास रामराम किंवा सलाम मिळतो काय? आणि पुढाऱ्याची चूक त्यास तोंडावर सांगणारा मंडळींत एक तरी आहे काय? जेथें चारहि उत्तरें 'नाहीं' अशीं येतात, तेथें शिकवण कितीहि गोड असली तरी पायरी उतरूं नये. आणि जेथें एक उत्तर 'नाहीं' असें येतें, तेथें तें ह्याच महिन्यांत सुधारावें.

हे प्रश्न दुसऱ्याच्या दारीं नेण्यापूर्वीं आपल्या दारीं विचारावे. विशेषतः बंधु उपदेशकांनीं हें मनावर घ्यावें. दूरच्या वस्तींत उपदेशक हाच पुष्कळ वेळां वाचणारा, लिहिणारा, सल्ला देणारा व पैसे ठेवणारा असतो. लोक त्याच्यावर सहज भार टाकितात. तो भार आपला नव्हे, आपण केवळ त्याचे राखणदार आहों, हें जो विसरला त्याची पहिली पायरी उतरून झाली.

आणि कोणी आपल्यांतून निघून एखाद्या पंथांत गेला असेल, तर त्याच्या घरीं जाणें सोडूं नका. त्याच्याशीं वाद घालूं नका; त्याची खुशाली विचारा, त्याच्या मुलांची विचारा. एके दिवशीं तो त्या विहिरीच्या तळाशीं उभा राहून वर पाहील. त्या वेळीं त्यास दोर दिसला पाहिजे. तो परत आला तर "आम्हीं सांगितलें नव्हतें काय?" हें वाक्य कोणीहि उच्चारूं नये, बांकावर सरकून त्यास जागा करून द्यावी.

वर्गांत चर्चेसाठीं प्रश्न

१. गेल्या वर्षांत आपल्या वस्तींत नव्यानें आलेलें, विधवा झालेलें किंवा एकटें पडलेलें कोण आहे? मंडळीपैकीं त्याच्या घरीं कोण गेलें?

२. जोन्सटाउनच्या शेवटच्या सभेंत त्या स्त्रीस सभासदांनींच कां गप्प बसविलें असावें? आपल्या पंचायतींत किंवा सभेंत असें कधीं घडतें काय?

३. श्रद्धा खरी असणें आणि श्रद्धेचा विषय विश्वासपात्र असणें, ह्यांतील भेद आपल्या शब्दांत सांगा.

४. वरील चार प्रश्नांपैकीं कोणत्या प्रश्नास आपली मंडळी आज 'होय' असें उत्तर देऊं शकत नाहीं? त्यासाठीं पुढच्या सभेपूर्वीं काय करतां येईल?